तेल थांबेना

रंभाच्या हाताला दौंडात मान होता आणि तो तिला कुणी फुकट दिलेला नव्हता. तीस वर्षं ती बाळंतिणी आणि बाळं न्हाऊ घालत होती. रेल्वे कॉलनीमागच्या आळीत असं घर शोधून सापडलं नसतं, जिथल्या पोरानं तिच्या लांब केलेल्या पायांवर पालथं पडून आळी डोक्यावर घेतली नाही. त्यातल्या काहींना आता मिसरूड फुटलं होतं, काही कुरकुंभच्या कंपन्यांत पाळीला जात होते, आणि रस्त्यात रंभा दिसली की मान खाली घालून "काय मावशी" एवढंच म्हणत होते. जिनं आपल्याला उघडंनागडं बघितलंय तिच्यापुढं कुणाचाही रुबाब चालत नाही.

अंघोळ घालणाऱ्या बायका पुष्कळ असतात. रंभाचं वेगळेपण होतं ते शेवटच्या कामात. अंघोळ झाली, शेगडीवर ओवा आणि लसणाच्या साली टाकून धुरी झाली, की ती बाळाला मांडीवर बसतं धरायची आणि चमचाभर कोमट खोबरेल त्याच्या टाळूवर सोडायची. बाळाची टाळू म्हणजे इवलीशी खोलगट जागा. तेल तिथं थांबतं, नाडीबरोबर हलतं आणि हळूहळू मुरतं. याला टाळू भरणं म्हणतात. इतर बायका हे काम उरकून टाकतात. रंभा मात्र तेल मुरेपर्यंत बघत बसायची, आणि तेवढ्यात तिला बाळाची सगळी खबर कळायची. तेल फार खोल गेलं तर पोर सुकलंय, आईला पाणी पाजा. नीट थांबलं तर पोर खुशाल आहे, उद्या येते.

नव्याण्णव सालच्या दिवाळीनंतर, आकाशकंदील अजून उतरायचे होते तेव्हा, गिताबाईच्या नातवाच्या टाळूवर तेल थांबेना.

पहिल्या दिवशी ते घसरून कपाळावर आलं तेव्हा रंभाला वाटलं, आपलाच हात तिरका झाला. दुसऱ्या दिवशी तिनं बाळाला नीट सरळ धरलं. तेल पुन्हा ओघळलं आणि भुवईत गेलं. तिसऱ्या दिवशी तिनं तेल ओतलंच नाही. आधी बोटाची पेरं अलगद फिरवली. खोलगट जागा नव्हतीच. तव्यावर टम्म फुगलेल्या भाकरीला हात लागावा तशी टाळू लागली. आणि पोर रडत नव्हतं. रडताना टाळू वर येते हे रंभाला ठाऊक होतं. हे तर दूध पिऊन निवांत पडलेलं पोर होतं.

पोराचं नाव रुद्र. वय सव्वा महिना.

आता गिताबाईबद्दल सांगायला हवं, कारण त्या घरात वारा कुठून यायचा हेसुद्धा गिताबाई ठरवायची. तिच्या सासऱ्यानं शिरूरकडची मेंढरं विकून रेल्वेत खलाशाच्या नोकरीसाठी अंगठा दिला होता. नवराही रेल्वेतूनच रिटायर होऊन वारला. मुलगा रविराज कुरकुंभच्या एका केमिकल प्लान्टात ऑपरेटर होता. सून हर्षदा शिरूर तालुक्यातलीच, गरीब स्वभावाची. पहिली मुलगी सायली चार वर्षांची, आणि आता हा मुलगा. मुलगा झाला म्हणून हर्षदाच्या आईनं बाळंतविडा हौसेनं पाठवला होता. स्वतः मशीनवर बसून तिनं एकाच पिवळ्या कापडाची तीन मापांची झबली आणि टोपडी शिवली होती. एक जोड बारशाचा, एक सव्वा महिन्याचा, एक तीन महिन्यांचा.

बारशाचं टोपडं पंधरा दिवसांत आखूड झालं. सव्वा महिन्याचं टोपडं सव्वा महिना व्हायच्या आधीच कानावर चढलं. तेव्हापासून गिताबाईच्या हातात आयतं कोलीत आलं होतं.

"कापडात हात राखलाय तुझ्या आईनं," ती येताजाता हर्षदाला म्हणायची. "पोराला टोपडं द्यायचं तर जरा सढळ द्यावं. ह्ये काय, बाहुलीचं शिवलंय?"

हर्षदा टोपडं ओढून कानावर घ्यायची. न्हाणीत रंभाजवळ आली की डोळे पुसायची.

त्या तिसऱ्या दिवशी रंभा तेलाची वाटी खाली ठेवून रुद्रला कपडे घालू लागली. झबलं घातलं, बारशाचं, सगळ्यात लहान माप. ते अंगात ढगळच होतं. मग टोपडं घेतलं, तीन महिन्यांचं, सगळ्यात मोठं माप. ते घट्ट बसलं. रंभाचा हात बंदावरच थांबला. कापड एक, मशीन एक, शिवणारी बाई एक. झबलं मोठं होतंय आणि टोपडं लहान होतंय, मग दोष कापडाचा कसा?

"आक्का," ती गिताबाईला म्हणाली, "जरा हिकडं या. पोराचं डोकंच वाढतंय. आंग मागं राहिलंय आन् डोकं म्होरं पळालंय. टाळू बी फुगलीय. ह्याला डाक्टरला दावा."

गिताबाईनं नातवाच्या डोक्यावरून कौतुकानं हात फिरवला. "मग वाढू दे की. मुलाचं पाय पाळण्यात दिसत्यात, आन् भाग्य डोक्यात. मोठ्या डोक्याची माणसं सायेब व्हत्यात. ह्याच्या आज्याचं डोकं बघितलं न्हाईस, फेटा दोन हात जास्त लागायचा."

"डोळं बघा त्याचं. बुबुळं खाली उतरल्यात. वर पांढरं दिसतंय."

"झोप आलीय त्याला."

पालथ्या घड्यावर पाणी. रंभा तिथं वाद घालत बसली नाही. तिला घरातला दुसरा दरवाजा माहीत होता. रविराजची रात्रपाळी सुटली की तो साडेसातला घरी यायचा. ती ओसरीवर सायलीची वेणी घालत बसली, आणि रविराज डबा हातात घेऊन आत शिरताच उठली. तिनं काही समजावलं नाही. बारशाचं झबलं आणि तीन महिन्यांचं टोपडं त्याच्यासमोर रुद्रच्या अंगावर दाखवलं, आणि त्याचं बोट धरून टाळूवर ठेवलं.

"मावशी, हितं तर प्रेशर हाय," रविराज म्हणाला. त्याची सगळी पाळी प्रेशरचे काटे बघण्यातच जायची.

"तू शिकलेला हायस. मला नाव ठावं न्हाई. पर ह्ये बरं न्हाई."

त्याच दिवशी तो आणि हर्षदा दौंडातल्या मुलांच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी डोक्याला टेप लावला, डोळे पाहिले आणि चिठ्ठी देऊन सरळ पुण्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुण्यात स्कॅन झाला. मेंदूच्या सर्जननं फिल्म काचेवर लावून सांगितलं, डोक्यात पाणी साठलंय, त्याचा दाब मेंदूवर येतोय. नळी बसवावी लागेल. आज मंगळवार, शुक्रवारी सकाळी ॲडमिट व्हा, उशीर करू नका.

रात्रीच्या गाडीनं दोघं परत आले, आणि रविराजनं आईला जसंच्या तसं सांगितलं. तिथंच चूक झाली.

डोक्यात पाणी. गिताबाईनं ते दोन शब्द ऐकले आणि पुढचं काही ऐकलंच नाही. पाणी कुठून येणार डोक्यात? टाळू म्हणजे उघडं दारच. सव्वा महिना रोज सकाळी तिच्या डोळ्यांदेखत एक बाई त्या दारावर तांब्यामागून तांब्या पाणी ओतत होती. तिला सगळं लख्ख दिसलं. आणि जे पाण्यानं झालं त्याला उपायही लख्ख होता.

"डोक्याला भोक पाडायचं न्हाई," ती म्हणाली. "वलं झालंय ते वाळवायचं. आठ दिस अंघोळ बंद. सकाळ संध्याकाळ धुरी. पाणी आटतंय का न्हाई बघ."

"आई, डाक्टर म्हणाले..."

"डाक्टरचं काय जातंय. पोराचं डोकं आपलं हाय."

रविराजनं फिल्म पुन्हा पाकिटात घातली. तो भित्रा नव्हता, पण सव्वा महिन्याच्या पोराच्या कवटीला भोक, हे वाक्य स्टेशनपासून घरापर्यंत त्याच्या कानात वाजत होतं. आठ दिवसांत काय बिघडतंय असं म्हणणारा माणूस त्याला हवाच होता. तो घरातच मिळाला.

बुधवारी सकाळी रंभा नेहमीसारखी आली तेव्हा बंब पेटलेला नव्हता. खोलीत धूर कोंडला होता. हर्षदा भिंतीला टेकून खोकत होती आणि गिताबाई रुद्रला शेगडीवर धरून बसली होती. पोराचं डोकं त्याच्या मानेला पेलत नव्हतं, एका बाजूला कलत होतं.

"उंबऱ्यातच ऱ्हा," गिताबाई म्हणाली. "लय न्हाऊ घातलंस. पोराच्या डोक्यात पाणी घातलंस तू. डाक्टरनंच सांगितलंय."

रंभा उंबऱ्यातच थांबली. तीस वर्षांत तिला कुणी असं बोललं नव्हतं. रविराज खाली बघत होता. ती काय म्हणणार होती हे तिच्या ओठांवर आलं होतं. आक्का, माझी सासू पन्नास वर्षं हेच काम करून गेली, मी तीस वर्षं करतेय, तुमच्या ह्या लेकाला सासूनं अंघोळ घातली तेव्हा पाण्याची बादली मी उचलत होते. एवढ्या पोरांच्या डोक्यात गेलं नाही ते पाणी ह्याच्याच डोक्यात कसं जाईल? सगळं खरं होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. ती नाही म्हणाली असती तर गिताबाई म्हणाली असती, चोर कधी चोरी कबूल करतो का? आणि मग ऑपरेशन करा म्हणून ती ओरडून मेली असती तरी लोकांनी म्हटलं असतं, आपलं पाप झाकायला डॉक्टरवर ढकलतेय.

तिनं पोराकडं पाहिलं. बुबुळं आणखी खाली उतरली होती. शुक्रवार दोन दिवसांवर होता. तिच्या नावाला काय, पुन्हा मिळवता आलं असतं. तिच्या हातांवर तिचा तेवढा भरवसा होता.

"व्हय आक्का," ती म्हणाली. "गेलं आसंल माझ्याच हातनं."

रविराजनं झटकन मान वर केली. हर्षदा खोकायची थांबली. गिताबाईची भांडणाची तयारी होती, कबुलीची नव्हती.

"गेलं ते गेलं. आता ऐका माझं," रंभा उंबऱ्यातूनच बोलत राहिली. "चाळीस दिस न्हाऊ घातलंय मी त्याला. रोज दोन बादल्या पाणी. किती आत गेलं ते मलाच ठावं. धुरीवर दिसभरात माझं लुगडं वाळत न्हाई, आन् ह्ये पाणी आटंल व्हय? आत भरलेलं पाणी वाट काढून द्यावी तवाच जातं. डाक्टर वाट काढून देतो म्हणतोय. देऊ द्या."

"आठ दिस बघू की मग..."

"बघा. पर एक ध्येनात ठेवा. आज दोष माझा हाय. समदी आळी माझ्या तोंडावर थुकंल. आठ दिसांनी पोराचं डोळं गेलं, तर त्यो दोष माझा नसंल. ह्या शेगडीचा आसंल."

शेगडीतला निखारा तडतडला. गिताबाईनं हळूच पोराला मागं घेतलं आणि दुपट्यात गुंडाळलं. मग रविराजला म्हणाली, "शुक्रवारची रजा टाक."

एवढं करून ती गप्प बसली असती तर ती गिताबाई कसली? दुपारपर्यंत सगळ्या आळीला कळलं की रंभानं पोराच्या डोक्यात पाणी घातलं आणि आपल्या तोंडानं कबूल केलं. संध्याकाळी एका घरातून निरोप आला, उद्यापासून येऊ नका. गुरुवारी आणखी चार घरांतून आला. एका बाईनं तर आपल्या तीन वर्षांच्या दांडग्या पोराचं डोकं दाबून बघितलं म्हणे, वाजतंय का ते. रंभाला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण ती रडली नाही आणि कुणाच्या दारात खुलासा द्यायलाही गेली नाही. तिनं तेलाची बाटली फडताळात उभी ठेवली आणि स्वतःला बजावलं, शुक्रवार होऊ दे.

शुक्रवारी पहाटे गिताबाईचा निरोप आला. तूही चल. डॉक्टरपुढं तुझ्या तोंडानं सांगायचं, किती पाणी घातलंस ते. त्याला अंदाज यायला पाहिजे.

पुण्याच्या हॉस्पिटलात सर्जनच्या खोलीत ते चौघं आणि पोर असे बसले. सर्जन पन्नाशीचे, बारीक आवाजाचे, बोटं लांबलचक. रंभानं आधी त्यांची बोटं पाहिली आणि तिला बरं वाटलं. ती घाई करणाऱ्या माणसाची बोटं नव्हती.

"सांग," गिताबाईनं तिला कोपर मारलं. "सांग सायबाला."

"काय सांगायचंय?" सर्जननी विचारलं.

"हिनं पाणी घातलं, डाक्टर," गिताबाईच बोलली. "रोज दोन बादल्या. टाळूतनं आत गेलं."

रविराजला जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं. सर्जन मात्र हसले नाहीत. त्यांनी रंभाकडं वळून विचारलं, "तुम्ही अंघोळ घालता याला? मग मला सांगा, डोकं वेगळं वाटायला लागलं ते कधीपासून?"

रंभानं हर्षदाच्या पिशवीतून तीन पिवळी टोपडी काढली आणि टेबलावर ओळीनं मांडली. "ह्ये बारशाचं, बाराव्या दिवशी नीट बसलं. सत्ताविसाव्या दिवशी बसंना. मग ह्ये, सव्वा महिन्याचं. ह्ये दहा दिसात गेलं. आन् ह्ये तीन महिन्याचं, ह्ये आत्ता घट्ट हाय. झबलं मातर पयलंच चालतंय. आन् गेल्या शनवारपस्नं टाळूवर तेल थांबत न्हाई."

सर्जननी टेप काढून एकेक टोपडं आतून मोजलं आणि कागदावर तारखांपुढं आकडे लिहिले. "इतकी चांगली माहिती मला क्वचित मिळते," ते म्हणाले. मग गिताबाईकडं वळले. "आजी, डोक्यात पाणी प्रत्येकाच्याच असतं. तुमच्याही आहे."

गिताबाईचा हात नकळत डोक्यावरच्या पदराकडं गेला.

"ते आतच तयार होतं आणि आतच जिरतं. बाहेरून थेंबही जात नाही. टाळूवर कातडी असते, खाली जाड पडदा असतो. या बाळाची आतली वाट जन्मापासून अरुंद आहे. तयार झालेलं पाणी पुढं जात नाही, म्हणून साठतंय. अंघोळीचा यात काहीही संबंध नाही."

"म्हंजी लाईन चोक हाय," रविराज एकदम म्हणाला.

"अगदी बरोबर."

"मग तुम्ही बायपास टाकणार."

"डोक्यातून पोटापर्यंत, कातडीच्या आतून. बारीक नळी. मध्ये कानामागं एक व्हॉल्व्ह. दाब वाढला की उघडतो, आणि पाणी एकाच बाजूला सोडतो."

"उलटं येऊ देत न्हाई," रविराज म्हणाला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा सुटला. "आमच्या प्लान्टात असले चाळीस हायत. आई, ह्ये मला कळतं. ह्ये हुतंय."

सर्जननी पुढचंही लपवलं नाही. नळी कधीकाळी बुजू शकते, मग बदलावी लागते. ओकाऱ्या, सारखी गुंगी, फुगलेली टाळू, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी आणायचं. "डोळ्यांत तेल घालून बघणारं कुणी आहे का घरात?" त्यांनी विचारलं. रविराज आणि हर्षदा दोघांनी रंभाकडं पाहिलं.

रुद्रला आत नेलं. हर्षदा आणि रविराज दाराजवळ उभे राहिले. गिताबाई आणि रंभा बाकावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. पाऊण तास गेला. शेवटी गिताबाई समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली,

"रंभे, तुला ठावं व्हतं? पाणी बाहेरचं न्हाई म्हणून?"

"डाक्टरवानी न्हाई ठावं. पर बाहेरचं पाणी आत जात आसतं, तर आजवर दौंडातली समदी पोरं बुडाली आसती."

"मग व्हय कशापायी म्हणालीस?"

"न्हाई म्हणाले आसते तर तुम्ही धुरी घालत बसला आसता."

गिताबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मी आळीभर सांगितलं," ती म्हणाली.

"ठावं हाय. पाच घरं बंद झाली."

"तुला राग न्हाई आला?"

"आला की. अजून हाय. पोरगं बाहेर येऊ द्या, मग बघते तुमच्याकडं."

गिताबाई सरकली आणि मधल्या रिकाम्या जागेत येऊन बसली. दोघींचे खांदे लागले. तशाच त्या बसून राहिल्या, सर्जन टोपी काढत बाहेर येईपर्यंत.

"नळी बसली," ते म्हणाले. "पाणी लगेच वाटेला लागलं. टाळू माझ्या बोटाखाली मऊ झाली."

हर्षदा तिथंच खाली बसली आणि हमसून रडली. तिला कुणी अडवलं नाही.

टाके निघाले, जखम भरली, अंघोळीला डॉक्टरांनी होकार दिला, तेव्हा डिसेंबर लागला होता. सकाळी दौंडात चांगलाच गारठा पडत होता. त्या दिवशी सात वाजता गिताबाई स्वतः रूळ ओलांडून रंभाच्या दारात आली. येताना ती रिकामी आली नव्हती. ज्या पाच घरांतून रंभाचं काम सुटलं होतं त्या पाचही घरांच्या बायका तिनं वाटेत उठवून बरोबर घेतल्या होत्या. एकीच्या हातात अजून मिश्रीची डबी होती.

"चल," ती रंभाला म्हणाली. "बंब पेटलाय."

रंभानं फडताळातली बाटली घेतली.

न्हाणीच्या दाराशी त्या बायका दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. रंभा पाटावर बसली, पाय लांब केले, रुद्रला त्यावर घेतलं. कानामागं बोटभर खूण होती आणि कातडीखाली वाटाण्याएवढा उंचवटा. तिनं अंगाला पीठ-साय लावली, पाठ चोळली, पाय ओढले. रुद्रनं नेमानं आळी डोक्यावर घेतली. मग डोक्यावर पाणी घ्यायची वेळ आली आणि रंभाचा तांब्या क्षणभर हातातच राहिला. आपल्या हाताची तिला शंका नव्हती. दारातल्या डोळ्यांची मात्र होती.

"वत," गिताबाई मोठ्यानं म्हणाली, बायकांना ऐकू जाईल असं. "डोक्यावरनं वत. पाणी त्याच्या आतलंच व्हतं, डाक्टरनं माझ्या तोंडावर सांगितलंय. हिनं दोष आंगावर घेतला तवा माझा नातू वाचला. आन् मी गावभर हिची बदनामी करीत हिंडले. समद्यांनी ऐकलं न्हवं तवा? आता ह्ये बी ऐका."

रंभानं खुणेवर डावा हात आडवा धरला आणि तांब्या कलता केला. पाणी रुद्रच्या डोक्यावरून निथळलं. एक, दोन, तीन तांबे. पोर ओरडून ओरडून लाल झालं. मिश्रीच्या डबीवाली बाई हळूच म्हणाली, "मावशी, उद्या आमच्याकडं?"

"साडेआठला येते. पाणी कडक तापवा. मागल्या खेपेला कोमट व्हतं."

धुरी हलकीच झाली. रंभानं रुद्रला मांडीवर बसतं धरलं. शेगडीच्या उबेला पातळ झालेलं तेल तिनं बाटलीतून चमच्यात घेतलं, पण टाळूवर स्वतः सोडलं नाही. चमचा गिताबाईच्या हातात दिला. रंभानं तिचं मनगट धरलं. दोघींच्या हातांनी तेल टाळूवर पडलं.

ते घसरलं नाही. त्या एवढ्याशा खोलगट जागेत ते थांबलं आणि पोराच्या नाडीबरोबर हलायला लागलं. गिताबाई वाकून बघत राहिली. तिचं नाक जवळजवळ टेकलं होतं. तेल मुरायला वेळ लागतो, आणि त्या सकाळी तो वेळ कुणालाच जास्त वाटला नाही.

मग तिनं तीन महिन्यांचं पिवळं टोपडं उचललं, नातवाच्या डोक्यावर घातलं, बंद बांधला. आत बोट घालून बघितलं. बोट सहज गेलं.

"हर्षदा," ती सुनेला म्हणाली, "तुझ्या आईला निरोप धाड. म्हणावं, माप बरोबर व्हतं."